पेव, पूर आणि सात पुस्तकं

"फँटसीचं नुसतं पेव फुटलंय गं आत्या," असं म्हणत भाचीनं चार पुस्तकं माझ्या टेबलावर टाकली. ती पुण्यात शिकते. सुट्टीला सांगलीत येते तेव्हा तिची बॅग कपड्यांपेक्षा पुस्तकांनीच जड असते. पलीकडे खाटेवर अण्णा पडले होते. डोळे न उघडताच त्यांनी विचारलं, "कुणाचं फुटलं?"

अण्णा म्हणजे माझे वडील. वय त्र्याऐंशी. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी सांगलीजवळच्या हरिपुरात हळदीच्या पेवांवर, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या कोठारांवर, काढली. त्यांच्यासमोर पेव हा शब्द नुसता बोलण्यापुरता वापरायची सोय नाही.

मी एका कोल्ड स्टोअरेजमध्ये आवक-जावकेचं रजिस्टर लिहिते. बेदाण्याचे पंधरा-पंधरा किलोचे बॉक्स. कुठल्या शेतकऱ्याचे, कुठल्या चेंबरला लागले, कधी आले, कधी गेले. सीझनला मान वर करायला फुरसत नसते आणि पाऊस लागला की दोन ट्रकांच्या मध्ये दुपारच्या दुपार मोकळी. चेंबरच्या आत स्वेटर लागतो, माझ्या केबिनला मात्र पत्रा आहे. त्या पत्र्याखाली, भडंगाची पुडी शेजारी ठेवून, या पावसाळ्यात जे वाचलं त्याबद्दल लिहिते आहे. पाचपैकी किती तारे वगैरे देणार नाही. आमच्याकडे माल रंगावर बोलला जातो: हिरवा, पिवळा, काळा. हिरव्याला दर चांगला, पिवळ्याला गिऱ्हाईक कायम, आणि काळाही कुणीतरी घेतोच.

काळा आधी उरकते. भाचीच्या ढिगातलं सगळ्यात जाड पुस्तक. नाव लिहीत नाही, कारण ते तिचं आवडतं आहे आणि तिला अजून सांगायचं आहे. राजपुत्र आहे, शाप आहे, भांडताना एकमेकांच्या फार जवळ येणारी दोन माणसं आहेत. सहाशे पानांत नायिकेला एकदाही भूक लागत नाही. दर चाळीस पानांनी तिच्या अंगात नवी शक्ती निघते. ती कुठून आली, किती खर्च झाली, शिल्लक काय, कशाचा कशाला पत्ता नाही. मी असं रजिस्टर लिहिलं असतं तर मालकांनी दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं. मला जादूचं वावडं नाही. उलट लहानपणापासून तेच खात आले आहे. पण जावक लिहिली की आवक दाखवावी लागते, एवढंच माझं म्हणणं.

मालक एकदा केबिनमध्ये डोकावले. टेबलावर ड्रॅगनचं मुखपृष्ठ बघून म्हणाले, "ताई, या वयात राक्षसांची पुस्तकं?" मी म्हटलं, सांगलीत राक्षस नवे आहेत का? विष्णुदास भाव्यांनी 1843 साली याच गावात 'सीतास्वयंवर' उभं केलं. त्या वळणाच्या नाटकांना पुढं लोकांनी 'अललडुर्र' असं नावच ठेवलं, ते राक्षसांच्या आरड्याओरड्यावरूनच. मराठी नाटकाची सुरुवात म्हणून आपण ज्याचा दरवर्षी दिवस साजरा करतो त्यात राक्षस होते, म्हटलं. मालक "बरं बरं" म्हणून गेले.

आता हिरव्याकडे येते. उर्सुला ले ग्विन यांचं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'. पुस्तक 1968 चं, म्हणजे जवळजवळ माझ्याच वयाचं, आणि माझ्या हातात आत्ता पडलं. इंग्रजी साधं, वाक्यं आखूड. डिक्शनरी फार उघडावी लागली नाही. सगळी बेटांची दुनिया. गोंट नावाच्या डोंगराळ बेटावर आई नसलेला एक पोरगा शेळ्या राखतो. त्याची मावशी गावची चेटकीण. एकदा ती शेळीला हाक मारताना काहीतरी पुटपुटते ते तो ऐकतो आणि दुसऱ्या दिवशी अर्थ न कळता कळपापुढं म्हणून टाकतो. शेळ्या येतात. तो हसून पुन्हा मोठ्यानं म्हणतो. शेळ्या आणखी जवळ येतात. अंगाला अंग, शिंगाला शिंग, त्यांचे ते पिवळे डोळे याच्याकडे लागलेले. पळावं तर कळप सोबत पळतो. शेवटी रडत-ओरडत तो गावात शिरतो आणि सगळी खिल्लारं त्याला चिकटून, दोरीनं आवळल्यासारखी. मी हे पान दोनदा वाचलं. जादू हातात आली आणि पहिल्याच क्षणी तिनं पोराला घाम फोडला! सहाशे पानांच्या त्या काळ्या मालात जे एकदाही जमलं नाही ते इथं पहिल्या प्रकरणात, शेळ्यांच्या वासासकट.

पुढं या पोराला गुरू मिळतो, ओजियन. पोरगा गेड आता मोठ्या अपेक्षेत, की आज विजेचा मंत्र मिळेल, उद्या वादळाचा. गुरू नुसता चालत राहतो. पाऊस आला तर बाकीचे मांत्रिक ढग हाकलून दुसऱ्याच्या डोक्यावर घालतात. हा पाऊस पडेल तिथं पडू देतो आणि झाडाखाली आडवा होतो. गेड झुडपात भिजत, फणफणत बसतो. आमच्या बेदाणा शेडवाल्यांना हा गुरू बापजन्मी पटायचा नाही. मार्चमध्ये रॅकवर माल असताना ढग भरून आले की त्यांचे चेहरे मी बघितलेत. एका रात्रीच्या पावसानं हिरव्याचा काळा होतो. पण पुस्तकात पुढं कारण येतं: रोक बेटावर पाऊस पाडलात तर तिकडं ऑस्किलला दुष्काळ पडू शकतो. शिराळ्यात छत्री उलटी होणारा पाऊस आणि त्याच जिल्ह्यात जतला टँकर, अशा ठिकाणी राहणाऱ्याला हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही. इथं तर कृष्णेचं पाणी म्हैसाळहून पंपानं टप्प्याटप्प्यानं चढवत न्यावं लागतं आणि त्याचं वीजबिल कुणी भरायचं यावर निवडणुका होतात. ही झाली जादूची खरी वही.

गेड पुढं घमेंडीत एक भलतंच दार उघडतो, त्यातून एक सावली बाहेर येते आणि उरलेलं पुस्तक त्या दोघांच्या पाठलागाचं. कोण कुणाच्या मागं लागलंय ते मध्येच उलटतं, ती जागा फार झकास आहे. शेवट सांगत नाही. तक्रार एक आहे. या पुस्तकात बायका कुठं आहेत? गोंटच्या लोकांत तर बायकांच्या जादूला दुबळी आणि दुष्ट म्हणणारी म्हणच आहे. बाईंना स्वतःलाही ते पुढं खुपलं असावं, कारण 1990 साली 'तेहानू' लिहून त्या याच गोंटवर बायकांच्या बाजूनं परत आल्या. तरीही माल हिरवा.

शेळ्यांवरून आठवलं म्हणून मध्येच 'बनगरवाडी' पुन्हा काढली. व्यंकटेश माडगूळकर आपल्याच आटपाडी तालुक्यातल्या माडगूळचे, पुस्तक 1955 चं. शाळेत असताना वाचलं तेव्हा मास्तराची गोष्ट म्हणून वाचलं होतं. आता लगोलग अर्थसीनंतर वाचलं तर तेही एक बेटच वाटलं. माळाच्या मधोमध तीस-पस्तीस घरं, आपले कायदे, आपले देव, आणि बाहेरून आलेला एक पोरसवदा मास्तर. दुष्काळ येतो आणि मेंढरांपाठोपाठ माणसं निघून जातात तेव्हा सगळं गाव जादूनं नाहीसं व्हावं तसं नाहीसं होतं. यात अद्भुत काही नाही, मला माहीत आहे. पण ज्या लेखकाला मेंढरू कळतं त्यानं उद्या ड्रॅगन आणला तरी मी विश्वास ठेवीन.

टोल्किनबद्दल थोडक्यात. 1954-55 साली आलेली ती तीन खंडी अंगठीची गोष्ट, 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज', मराठीत मुग्धा कर्णिकांनी 'स्वामी मुद्रिकांचा' या नावानं आणली आहे. मी एक खंड मराठीतून वाचला आणि बाकी इंग्रजीतून, कारण माझ्या वाचनालयात उरलेले कुणीतरी नेले ते परत आलेच नाहीत. युद्धांची वर्णनं मी चाळून पुढं जाते, गाणी तर सरळ उडवते. माझं मन बसलंय त्या सॅमवर. मालकाच्या मागोमाग निघालेला हा माळी स्वयंपाकाची भांडी पाठीवर घेऊन चालतो, मिठाची लहानशी डबीसुद्धा जपून. मरणाच्या वाटेवर ससा शिजवतो आणि बटाटे नाहीत म्हणून हळहळतो. शेवटी मॉरडॉरमध्ये ओझं टाकल्याशिवाय पाऊल उचलवत नाही तेव्हा ती भांडी तो एका भेगेत टाकून देतो. भांडी आदळत खाली जातात तो आवाज त्याला सोसवत नाही. कितीतरी राजे मेले त्या पुस्तकात, माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते या पातेल्यांपाशी. आईनं दिलेलं पितळी पातेलं 2019 च्या पुरात आमचंही गेलं. असो. माल पिवळा, कायम खपणारा. हिरवा म्हणाले असते पण जंगलात गाणी म्हणत उड्या मारणारा तो टॉम बॉम्बाडिल मला सोसत नाही.

2019 निघालंच आहे तर 'पिरानेसी'. सुझॅना क्लार्क यांची ही कादंबरी 2020 ची, पुढच्या वर्षी तिला विमेन्स प्राइझ मिळालं. भाचीनं बजावलं होतं की मागच्या पानावरचा मजकूरही वाचू नकोस. मीही जेवढ्यास तेवढंच सांगते. एक माणूस एका घरात राहतो. घर म्हणजे दालनं, दालनांपुढं दालनं, शेकडो, आणि सगळीकडे संगमरवरी पुतळे. खालच्या मजल्यावर समुद्र. वरच्यावर ढग. मधल्या मजल्यावर हा, आणि पक्षी. मासे आणि समुद्रातलं शेवाळ खातो. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, त्याला एक चांगल्या कपड्यातला गृहस्थ भेटतो आणि 'पिरानेसी' अशी हाक मारतो. हे आपलं खरं नाव नसावं अशी याला शंका आहे, पण खरं कोणतं ते आठवत नाही. (पिरानेसी नावाचा अठराव्या शतकात एक इटालियन चित्रकार होऊन गेला, न संपणाऱ्या तुरुंगांची चित्रं काढणारा. हे आधी माहीत असलं तर त्या हाकेतला खवचटपणा लागलीच कळतो.)

हा माणूस वह्या लिहितो. काय लिहितो? भरती. कुठल्या दिशेनं पाणी येणार, कुठल्या दालनात किती चढणार, दोन-तीन भरत्या एकत्र कधी मिळणार, सगळी कोष्टकं. वह्यांना क्रमांक, वह्यांची सूची वेगळी. मी पंचवीस-तीस पानं वाचली आणि पुस्तक मिटून ठेवलं, कारण माझ्या कपाटात तशीच एक वही आहे.

आम्ही गावभागात राहतो. पावसाळ्यात आमच्याकडे नमस्काराआधी विचारतात, "आयर्विनला किती?" म्हणजे आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट. चाळीस म्हटलं की वरच्या फळीवर सामान, पंचेचाळीस ही धोक्याची पातळी. 2019 च्या ऑगस्टमध्ये मी दर तासाला वहीत लिहीत होते: वेळ, फूट, कोयनेतून सुटलेले क्युसेक, आणि चौथ्या रकान्यात आमच्या पायरीचा नंबर. पाणी 57 फुटांच्या वर गेलं. माझी शेवटची नोंद त्याच्या बरीच आधीची आहे, कारण नंतर आम्हाला बोटीतून काढलं. वही मी पिशवीत घालून छातीशी धरली होती. भाऊ ओरडत होता, दागिने घे, कागदपत्रं घे. मी वही घेतली. पिरानेसीनंही तेच केलं असतं.

पुस्तकातलं मला सगळ्यात पटलं ते हे, की पाणी चढतं, जीव घ्यायला येतं, तरी या माणसाला घराचा राग येत नाही. आपण घराचं लाडकं लेकरू आहोत असं तो मानतो. बाहेरच्या वाचकाला हा भोळसटपणा वाटेल. आमच्या शेजारच्या काकूंनी पूर ओसरल्यावर आधी कृष्णामाईची ओटी भरली आणि मग घरातला गाळ उपसला. गाळ गुडघाभर होता.

शेवटच्या एक-तृतीयांश भागात खुलासे सुरू होतात, कोण कुठला आणि काय कारस्थान. तो भाग मला जरा घाईत बांधलेल्या गाठोड्यासारखा वाटला. रहस्य कळल्यावर पुस्तक थोडं लहान झालं. पण तोवरचं घर डोक्यातून जात नाही. हिरवा, एक नंबर. अडीचशेच्या आसपास पानं आहेत, दोन पावसाळी दुपारींत होतं.

त्या पुरात खालच्या फळीवरची आमची पुस्तकं गेली. भिजलेलं पुस्तक फाटत नाही, ते फुगतं. आधी एका बोटाएवढं असलेलं तीन बोटं होतं, शेजारच्याला ढकलतं आणि सगळी रांग फळीत अशी आवळून बसते की एकही निघत नाही. आम्ही कपाटाची फळी करवतीनं कापली. वाचली त्यांच्यात 'ययाती' होती. पानापानांत वर्तमानपत्राचे तुकडे घालून पंख्याखाली वाळवली, अजून हात लावला की कुरकुर वाजते आणि नदीचा वास येतो. तीही यंदा पुन्हा वाचली. वि. स. खांडेकर सांगलीत जन्मले, 1898 साली. कादंबरी 1959 ची, ज्ञानपीठ 1974 चं, त्यामुळे आमच्याकडे तिच्याबद्दल वाकडं बोलत नाहीत. मी बोलते. बापानं मुलाचं तारुण्य मागून घ्यायचं, याहून भयानक जादूचा सौदा मी कुठल्या इंग्रजी फँटसीत वाचलेला नाही. आणि खांडेकर त्या सौद्यापाशी पोचेपर्यंत मला सुविचारांच्या इतक्या पायऱ्या चढायला लावतात की दम लागतो. देवयानी बोलते तेवढ्या भागात मात्र पान हलतं. पिवळा.

सगळ्यात चांगलं मुद्दाम मागं ठेवलं. ले ग्विन यांचंच 'द टूम्ब्स ऑफ अटुआन', 1971 चं, अर्थसीचं दुसरं. इथं मुख्य माणूस मुलगी आहे. टेनार. पाच वर्षांची असताना तिला आईबापांकडून उचलून नेतात, कारण ती म्हणे आधीच्या पुजारणीचाच पुनर्जन्म. तिचं नाव काढून घेतात. नवं नाव मिळतं त्याचा अर्थ 'गिळली गेलेली'. वाळवंटातलं देवस्थान, जुन्या अनाम शक्तींचं, आणि त्याच्या दगडांखाली पोकळी. त्या पोकळीत दिवा न्यायला बंदी. पुढं चक्रव्यूह. मुलगी तो सगळा अंधारात शिकते, हातानं भिंत चाचपत, डावीकडची किती भोकं सोडायची आणि उजवीकडं कितव्याला वळायचं ते मोजत. आणि एक दिवस ती खाली जाते तर तिथं उजेड. ज्या जागी जगाच्या सुरुवातीपासून उजेड पडला नाही तिथं एक परका माणूस काठीच्या टोकाला उजेड घेऊन उभा. आणि तिला पहिल्यांदाच दिसतं की आपलं हे रोजचं काळं भुयार किती सुंदर आहे!

हे पुस्तक मी अण्णांना वाचून दाखवलं. त्यांना आता अक्षर दिसत नाही. रोज रात्री जेवणानंतर दहा पानं, इंग्रजी बघायचं आणि मराठी बोलायचं. टेनारची त्यांनी पहिल्याच दिवशी तानी केली.

भुयाराशी आलो तसे ते उठून बसले. "उजेड न्यायचा न्हाई? आणि हवा कशी बघायची?"

पेवाचं तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, पोट मोठं. हळद भरून बंद केलं की महिनोन्‌महिने आत वारा नाही. उघडल्यावर लगेच उतरलं की माणूस तिथंच संपतो. म्हणून तोंड उघडं टाकून ठेवायचं, मग कंदील सोडायचा. कंदील जळत राहिला तर उतरायचं. "इझला तर म्हागं सरायचं," अण्णा म्हणाले. "तुज्या त्या बाईला ह्ये ठावं न्हाई. तानी पयल्या दिवशीच मेली असती."

मी मागची पानं चाळली. वरच्या इमारतींतून खाली बघायला भोकं ठेवलेली आहेत, मुलगी तिथूनच त्या माणसावर नजर ठेवते. सांगितलं.

"वरनं भोकं हायत व्हय? मग ठीक. म्होरं वाच."

एवढ्या वर्षांत इतकी नेमकी समीक्षा मी कुठं वाचलेली नाही. पुढं तो माणूस, म्हणजे पहिल्या पुस्तकातला गेडच, चक्रव्यूहात कोंडला जातो आणि तहानेनं पडतो. मारायचं का पाणी द्यायचं हे मुलीच्या हातात. अण्णांनी स्वतःच्या उशाचा तांब्या उचलून दोन घोट घेतले. इथं मंत्रतंत्र फारसे नाहीत. एक पाण्याचं भांडं आहे, दोन माणसं बोलत बसली आहेत, आणि तिचं खरं नाव तिला परत मिळतं. कुणाला हे संथ वाटेल. भाचीलाच वाटलं, तिनं अर्ध्यात सोडलं होतं.

शेवटाकडे ती बाहेर पडते, उघड्यावर, समुद्रात, होडीतून, आणि रडायला लागते. गेलेली वर्षं आठवून, आणि पुढं जे मोकळं पसरलंय त्याच्या भीतीनं. मी वाचून थांबले. मला वाटलं अण्णा झोपले.

"वर आल्यावर काय सुदीक दिसायचं न्हाई," ते म्हणाले. "तोंडाशी डोळं मिटून बसायचं. अंग सगळं पिवळं. कुणी काय बोलायचं न्हाई तवर." थोड्या वेळानं म्हणाले, "2005 च्या पुरात बरीच पेवं गेली." मग कूस बदलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला त्यांचा प्रश्न: तो गेड पुढं कुठं गेला? तिसरा भाग आहे, 'द फार्देस्ट शोअर', पण तो भाचीच्या खोलीवर पुण्यात. केबिनमधून तिला फोन लावला, म्हटलं एसटीच्या पार्सलनं लावून दे, अण्णांना पाहिजे. "आजोबांना?" ती तीनदा म्हणाली. मग म्हणाली, "देते. आणि ते जाड पुस्तक कसं वाटलं? संपलं ना?"

तेवढ्यात गेटवर ट्रक आला, म्हणून मी फोन ठेवला.